जुनी गाडी मधेच बंद पडते: कंपनीचं वर्कशॉप, उद्यमनगरातला मिस्त्री की आपला डोंगल?

सेकंडहँड गाडी दारात आली, पेढे वाटून झाले आणि ती चालता चालता बंद पडायला लागली, की कोल्हापुरात तीन वाटा उरतात. कंपनीचं अधिकृत वर्कशॉप, उद्यमनगरातला मिस्त्री, नाहीतर हजाराच्या आत मिळणारा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा छोटा प्लग, मोबाईलला जोडून स्वतःच शोध घेणं. माझी २०१४ ची पेट्रोल गाडी तिन्हीकडून जाऊन आलीय.

आधी एक सोपी गाठ सोडवू. गाडी सिग्नलला थांबताना आरपीएम घसरून बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, कार्बन साचलेला असतो. ती साफ करून आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, सेट करून घ्या. हे काम कुणीही करतं, फरक दराचा. डोकं खातो तो दुसरा प्रकार: इंजिन तापलं की धावती गाडी बंद, अर्धा तास उभी केली की गपगुमान चालू.

अशा गाडीला वर्कशॉपचा एक मोठा फायदा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. नंबर सांगितला की तिथं झालेल्या सर्व्हिसिंगचा इतिहास निघतो, मीटर मागं फिरवलाय का तेही त्यातून कळू शकतं. एअरबॅग, इमोबिलायझर वगैरे सगळं वाचणारा कंपनीचा स्कॅनर असतो, वायरिंगचा नकाशा असतो.

पण माझा जीव एकाच गोष्टीनं खाल्ला. तक्रार ऐकणारा वेगळा आणि बॉनेट उघडणारा वेगळा. वाघबीळचा चढ चढला की, एसी चालू असताना, इंजिन तापल्यावर बंद पडते, असं मी काउंटरवर घोळून घोळून सांगितलं. जॉब कार्डवर उतरलं काय, तर ‘इंजिन बंद पडणे, तपासणे’. आतल्या माणसाला मला भेटू दिलं नाही. ग्राहकांना आत प्रवेश नाही म्हणे. संध्याकाळी गाडी धुऊन, टायरला पॉलिश मारून हातात मिळाली. शेरा होता, ‘दोष आढळला नाही’. वर स्कॅनरनं साठलेला कोडही पुसून टाकलेला. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिन किती तापलेलं होतं, आरपीएम किती, वेग किती, ही नोंदच गेली. सगळीकडं असंच होतं असं मी म्हणणार नाही, पण काउंटरची ती भिंत बहुतेक ठिकाणी असतेच.

उद्यमनगरात पहिला प्रश्न आला, “बंद पडल्यावर सेल मारताना आरपीएमचा काटा उठतोय का?” मला सांगता येईना. “मग चला, तापवून आणू. थंड गाडीत काय सापडणार ओ?” मी शेजारीच बसलो. चढाला गाडी बंद पडल्यावर त्यानं चावी फिरवली आणि मागच्या सीटकडं कान दिला. पंप दोनेक सेकंद गुणगुणला, म्हणजे पंपाला करंट येतोय. सेल मारला, काटा शून्यावरच, म्हणजे इंजिन फिरतंय पण त्याचा वेग सांगणाऱ्या क्रँक सेन्सरकडून सिग्नल येत नसावा. मग ओलं फडकं क्रँक सेन्सरवर ठेवून थोडा वेळ थांबला. गाडी चालू! तरी लगेच सेन्सर बदलला नाही, आधी कनेक्टर काढून पिना आणि वायर बघितली. या पद्धतीला कुणी शास्त्रशुद्ध म्हणेल की नाही, माहीत नाही. मला पटली.

मिस्त्रीचे दोषही आहेत. ‘उद्या या’ला अंत नसतो, पक्कं बिल मागितलं की चेहरा उतरतो, आणि काही जण तपासायच्या आधीच ‘हा पार्ट टाकून बघू’ म्हणतात. टाकलेला पार्ट परत होत नाही. गाडी बीएस-६ असेल, वॉरंटी शिल्लक असेल, तर मुकाट्यानं वर्कशॉप गाठा.

डोंगल दुरुस्ती करत नाही. पी०३३५ असा कोड दाखवला तरी तो क्रँक सेन्सरच्या सर्किटकडं बोट दाखवतो. सेन्सर गेलाय, वायर तुटलीय की दातेरी रिंग खराब झालीय, हे माणसानंच शोधायचं. पण कुठंही गाडी देण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. शिवाय बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ हा आकडा दिसतो. विकणाऱ्यानं व्यवहाराआधी चेक लाइट घालवलाय का, ते तिथं उघडं पडतं. अजून गाडी घ्यायचीच असेल तर डोंगल खिशात घेऊनच बघायला जा.

सेन्सर मात्र मी कंपनीच्या पार्ट काउंटरवरून घेतला आणि उद्यमनगरात बसवला. स्वस्तातले सेन्सर तापल्यावर पुन्हा तोच खेळ करतात, असं तो मिस्त्रीच म्हणाला.