सीपॅप की गादी: एचएसएचे पैसे कुठे चालतात?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना वाटतं की झोप म्हणजे आरोग्यच, मग एचएसए किंवा एफएसएच्या (औषधोपचारासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायच्या खात्यांच्या) कार्डावर गादी घेतली तर काय बिघडलं. पण आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, वस्तू किती आरामदायी आहे ते बघत नाही, ती आजारासाठी आहे का एवढंच बघतं.

सीपॅपचं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवा देणाऱ्या मशीनचं, सरळ आहे. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबायचा आजार) आहे, डॉक्टरांनी मशीन लिहून दिलंय, म्हणजे मशीन, मास्क, नळी, फिल्टर सगळं चालतं.

गादी, उशी, जड ब्लँकेट यांचं तसं नाही, कारण या गोष्टी धडधाकट माणूसही वापरतोच, त्यामुळे नुसतं "झोप छान लागते" म्हणून अजिबात चालत नाही. पाठीचा किंवा अ‍ॅसिड रिफ्लक्सचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी आजाराचं नाव घालून ही वस्तू का लागते असं पत्र दिलं तर क्लेम होऊ शकतो, तरी खात्री नाही. आणि चार प्रश्न भरून ऑनलाइन पत्र मिळतं त्यावर तर मी बिलकुल विसंबणार नाही, आयआरएसने २०२४ मध्ये अशा दाव्यांबद्दल लोकांना सावध केलंय.

एफएसएमध्ये निदान खातं सांभाळणारी कंपनी आधी कागद तपासते, फार तर क्लेम नाकारेल. एचएसएमध्ये कोणी अडवत नाही, पण नंतर खर्च अपात्र ठरला तर त्या रकमेवर इन्कम टॅक्स, आणि ६५ च्या आत असाल तर वर २० टक्के दंड. म्हणून गादीचं पत्र खरेदीच्या आधीच घ्या, आणि पावतीसोबत जपून ठेवा.