एएफसाठी (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके) अ‍ॅब्लेशन की गोळ्या?
ठाणे-वाशीकडच्या रुग्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅब्लेशन (नळीवाटे हृदयात डाग देण्याची प्रक्रिया) केलं की रक्त पातळ करणारी गोळी सुटेल ना? लगेच तर नाहीच. किमान 2 ते 3 महिने ती सगळ्यांनाच लागते. त्यानंतर ती चालू ठेवायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं, ठोके नियमित झाले यावर नाही.

ठोके नियमित ठेवणाऱ्या गोळ्या सुरू करणं सोपं, निभावणं किचकट. अमिओडॅरोन ठोके छान टिकवतं, पण थायरॉइड, यकृत, फुप्फुसं बिघडवू शकतं. म्हणून दर 6 महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइड ही अशीच दुसरी गोळी वर्ज्य.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) हृदयापर्यंत नेऊन फुप्फुसशिरांच्या तोंडाभोवती डाग देतात. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये, कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) फुगण्याआधी, आमचा कल इकडे. जुनाट एएफमध्ये यश घटतं. सुरुवातीच्या 2-3 महिन्यांतली धडधड म्हणजे अपयश नव्हे. जांघेची जखम ताजी असताना घोडबंदर रोडवरून दुचाकी मात्र नको! आणि काही आठवड्यांनी ताप, गिळताना दुखणं सुरू झालं तर एंडोस्कोपी न करता थेट अ‍ॅब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे जा: अन्ननलिकेला इजा क्वचितच होते, पण जिवावर बेतते.