2 एचपीचं भरडा मशीन: मोटार चांगली, जाळीनं डोकं फिरवलं

गेल्या दिवाळीनंतर घेतलेलं सिंगल फेजचं मशीन. उन्हाळा-पावसाळा काढून झाला म्हणून लिहितोय. वजन किती, तासाला किती किलो, हे व्हिडिओत सगळे सांगतातच. माझ्या गोठ्यात उस्मानाबादी शेळ्या. गिरणीवाला भरडायला किलोला 3 रुपये घ्यायचा, वर आमचा थोडा मका त्याच्याच चक्कीत अडकून राहायचा. मशीनला तासाला दीड युनिट लागतं, म्हणून हिशेब पटला.

आता जाळी, म्हणजे जिच्या भोकांतून दळलेलं खाली पडतं ती. सोबत चार येतात, त्यातली सगळ्यात मोठी 3 मिमीची! मका टाकला की खाली रवा, त्यातही बरंचसं पीठ. दुकानदार तेच कौतुकानं हातावर घेऊन दाखवत होता. आई बघून म्हणाली, "शेळ्यांना घालतोस का भाकरी थापायच्यात?" शेळी पिठात तोंड घालते, फुरफुरते, शिंकते आणि बाजूला होते. जी खाते तिचे हाल वेगळे. पीठ पोटात झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि लेंडीच्या जागी पातळ हगवण. अरे, शेळी रवंथ करणारं जनावर आहे. दाण्याचे दोन-चार तुकडे झाले की पुरे, पुढचं तिच्या दाढा बघून घेतात.

दुकानदाराला फोन केला. "भाऊ, मशीन एक नंबर आहे, जाळी कंपनीकडून मागवतो." बऱ्याच फोननंतर जाळी आली, वेगळ्या बिलासकट, तीही 4 मिमीची. शेवटी तालुक्याच्या लेथवाल्याला जुनी जाळी नमुन्याला दिली आणि 8 मिमीच्या भोकांची करून घेतली, त्या बिलाच्या निम्म्या पैशात. आता मका पडतो तेव्हा तुकड्यात पिवळा टणक भाग आणि पांढरा पिठाळ भाग वेगळा दिसतो. मुठीत दाबला तर गोळा होत नाही. याला भरडा म्हणायचं.

इथपर्यंतचं पावसाळ्याआधीच लिहून ठेवलं होतं आणि 2 स्टार देणार होतो. मग जुलैत मशीन नुसतं गुंगुं करायला लागलं, फिरेना. वॉरंटी? "इलेक्ट्रिकचे पार्ट त्यात येत नाहीत, भाऊ." गावातल्या वायरमननं मीटर लावला तर संध्याकाळचे 170 व्होल्ट. कपॅसिटर गेला होता, वाइंडिंग मात्र शाबूत. किरकोळ खर्चात काम झालं. तेव्हापासून सकाळी, लाईट पूर्ण दाबानं असते तेव्हाच चालवतो, आणि मोटारीनं कुरकुर केलेली नाही. एवढ्या हालात तगली, म्हणून एक स्टार वाढवला. तो मोटारीचा, दुकानदाराचा नव्हे.

मका ओला घेऊ नका, आडतीवर कितीही स्वस्त मिळो. दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे. ओला मका जाळीत लगदा होऊन बसतो आणि पोत्यात बुरशी धरतो. कोंबाजवळ हिरवट-काळं दिसलं की ते पोतं शेळीलाही नको, कोंबडीलाही नको. भरडा आठवड्यापुरताच करा, पावसाळ्यात तर लवकर कुबट होतो.

माझं 100 किलोचं मिश्रण असं: मका भरडा 45, शेंगदाणा पेंड 15, गव्हाचा कोंडा 15, तूर किंवा हरभरा चुणी (डाळ करताना उरणारी टरफलं-तुकडे) 12, सरकी पेंड 10, खनिज मिश्रण 2, मीठ 1. प्रथिनं 16 टक्क्यांच्या आसपास बसतात. मोठ्या शेळीला रोज 200 ते 250 ग्रॅम, गाभणीला शेवटच्या महिना-दीड महिन्यात 350 ते 400 पर्यंत, दोन वेळात विभागून आणि आधी चारा घालून. नवीन शेळीला मूठभरापासून सुरुवात. खस्सी (खच्ची केलेल्या) बोकडाला दाणा बेतानंच. धान्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यानं मुतखडा होतो आणि लघवी अडली की जनावर हातचं जातं.

पाच-सात शेळ्याच असतील तर या मशीनच्या नादी लागू नका, गिरणीवाल्याला दगड सैल करून भरडायला सांगा. घेणारच असाल तर पैसे द्यायच्या आधी "8 मिमी जाळी" असं बिलावर लिहून घ्या. तोंडी "मोठी जाळी देतो" म्हणतील. त्यांची मोठी म्हणजे 3.