कुळागराचा पंप: सिमवाला स्टार्टर की लोरा?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) पंप ओहोळाकाठी, घर वर टेकाडावर. सिमवाल्या स्टार्टरला मिस्ड कॉल दिला की रिले (छोटा विजेचा स्विच) ओढतो, कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) खट्‌कन बसतो, मोटर सुरू. पणजीत बसूनही जमतं. पण खोलगट जागी रेंजची बोंब, आणि रिचार्ज संपला की सगळं ठप्प. (तो नेमका ऐन उन्हाळ्यातच संपतो!)

लोरा म्हणजे घर आणि पंप यांना थेट जोडणारा, कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ. त्याला ना सिम, ना टॉवर. त्याचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात विनापरवाना वापरता येतो. वेग अगदी कमी, पण चालू-बंद सांगायला पुरे. ओल्या पोफळींतून हा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायपेक्षा बरा पोचतो. अँटेना मात्र उंचावर हवी.

घरीच राहणार असाल तर लोराच घ्या. ड्राय-रन संरक्षण (पाण्याविना चालणारी मोटर बंद करणारी सोय) दोन्हींत तपासून घ्या. ओहोळ आटला तर मोटर जळायला वेळ लागत नाही.