हिवाळ्यात समुद्रात बोट: मालवण की मांडवा?

डिसेंबरात परभणी-जालन्याकडं पहाटे दात वाजतात, तेव्हा कोकणात समुद्राचं पाणी कोमट असतं. मग जायचं कुठं?

सोय बघायची तर मुंबई. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून भाऊचा धक्का जवळच. रो-रो बोटीत आपली गाडीसुद्धा चढते, तासाभरात अलिबागजवळचं मांडवा. म्हातारी माणसं, लेकरं बरोबर असतील तर हेच बरं. पण पाणी गढूळ, आणि ही बोट म्हणजे पाण्यावरची एसटीच.

मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरून पुढं रस्त्यानं. अंग खिळखिळं होतं. तरी माझं मत मालवणलाच. पावसाळा सरला की पाणी हळूहळू नितळतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून सकाळी लवकर होडी घ्या. नशीब असेल तर डॉल्फिनची पाठ दिसते. शिवाय सिंधुदुर्ग किल्ला. चहूकडं खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! टँकरची वाट बघितलेल्या आपल्या माणसांचे पाय तिथून हलत नाहीत. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्या, आणि दुपारी वारा सुटायच्या आत परत फिरा.