एस्टिमेट ७१ टक्क्यांचं, गाडी टोटल लॉसची

गाडी चार वर्षं तीन महिन्यांची, १२०० सीसी, पेट्रोल. आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) ५,२०,००० रुपये, पॉलिसीत झिरो डेप (पार्ट्सवर घसारा न कापणारं कव्हर) घेतलेलं. खंबाटकीचा उतार संपताना पुढच्या ट्रकने ब्रेक मारला आणि गाडीचं डावं तोंड ट्रकच्या मागच्या चॅनेलखाली घुसलं. दोन्ही एअरबॅग उघडल्या, आतली माणसं वाचली. गाडी टोचन लावून गॅरेजला आणली. मालकाची फसवणूक झाली ती तिथे, आणि तीही पहिल्या दोन दिवसांत.

दुसऱ्याच दिवशी गॅरेजने ३,७२,००० चं एस्टिमेट हातात ठेवलं. आयडीव्हीच्या साडेएकाहत्तर टक्के. पॉलिसीच्या अटींनुसार मान्य होणारा दुरुस्तीचा आणि गाडी उचलून आणण्याचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, म्हणजे दुरुस्त न करता विमा कंपनी आयडीव्हीची रक्कम देते. या गाडीसाठी ती रेघ ३,९०,००० वर होती. एस्टिमेट बरोबर १८,००० अलीकडे थांबलं, आणि तेही गाडी न खोलता.

असं का करतात, ते सरळ आहे. गाडी टोटल लॉस झाली की गॅरेजच्या हाती पार्किंगचं भाडं आणि एस्टिमेटचे पैसे, एवढंच पडतं. पार्ट्सवरचा नफा जातो, लेबर जातं. म्हणून गाडी रेघेच्या आसपास असली की वरून दिसतं तेवढंच लिहायचं, मालकाकडून कामाच्या परवानगीवर सही घ्यायची आणि मग गाडी खोलायची. (भंगारवाल्याशी संधान असलेलं गॅरेज याच्या नेमकं उलट करतं. एस्टिमेट फुगवून बरी होणारी गाडीही टोटल लॉसला ढकलतं.)

या एस्टिमेटमध्ये बॉनेट, बंपर, हेडलाइट, डावा फेंडर, रेडिएटर, कंडेन्सर, रेडिएटर सपोर्ट, पुढची काच आणि दोन एअरबॅग होत्या. जे नव्हतं ते जास्त बोलकं होतं: डावा लाँग मेंबर (पुढच्या सांगाड्याचा मुख्य दांडा), एप्रन (चाकावरचा आतला पत्रा), सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी चौकट), डाव्या चाकाचं सस्पेन्शन, डॅशबोर्ड, एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल, स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला जोडणारी वायर), पुढच्या दोन्ही सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे). एअरबॅग उघडली की बेल्टचे प्रीटेन्शनर बहुधा सोबत फुटतात, मॉड्यूलमध्ये धडकेची नोंद बसते आणि शेजारच्या सीटची बॅग डॅशबोर्ड फाडून बाहेर येते. एस्टिमेटमध्ये एअरबॅग आहे पण ही मंडळी नाहीत, तर ते एस्टिमेट अर्धवट आहे असंच समजा. या राहिलेल्या कामाचे १,१८,००० धरले की बेरीज ४,९०,००० होते, म्हणजे आयडीव्हीच्या ९४ टक्के.

मालकाला घाबरवायला दोन वाक्यं पुरली. पहिलं, ‘टोटल लॉस केलं तर नो क्लेम बोनस जाईल.’ हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो वाचवणारं वेगळं कव्हर नसेल तर तो ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) कुठल्याही क्लेमने जातो, दुरुस्ती केली तरीही. दुसरं, ‘सगळे पैसे बँक घेईल.’ यात अर्धं सत्य आहे. गाडीवर कर्ज असेल तर चेकमधून आधी कर्ज फिटतं आणि उरलेलं मालकाला मिळतं. या मालकाचं जेमतेम दीड लाख कर्ज बाकी होतं. १,००० रुपयांची सक्तीची वजावट काढून ५,१९,००० मिळाले असते आणि कर्ज फेडून साडेतीन लाखांहून जास्त हातात उरले असते. हा हिशेब कागदावर कुणी मांडूनच दाखवला नाही.

गाडी खोलल्यावर गॅरेजचा फोन आला: लाँग मेंबर, एप्रन आणि डॅशबोर्ड ‘क्लेममध्ये बसत नाही’, ६८,००० रोख द्यावे लागतील. हे खोटं होतं. खोलल्यावर सापडलेलं अपघाताचं नुकसान सप्लिमेंटरी (पुरवणी) एस्टिमेटमध्ये जातं आणि विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर ते पुन्हा येऊन पाहतो. इथे सर्व्हेअरला बोलावलंच नाही, कारण तो आला असता तर गाडी रेघेपलीकडे गेली असती. मालकाने पैसे दिले. ७४ दिवसांनी चकचकीत गाडी मिळाली, काम पटल्याचं लिहून देणाऱ्या सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर सही झाली.

तीन हजार किलोमीटरमध्ये पुढचा डावा टायर आतल्या कडेने तारेपर्यंत झिजला. अलाइनमेंटवाल्याने दोनदा प्रयत्न केला, पण कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) मापात येईना. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावली, तर डावी बाजू १४ मिलिमीटर आखूड निघाली. बॉडीच्या मापात तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. बॅटरीचा ट्रे काढल्यावर लाँग मेंबरवर आडवा वेल्ड दिसला, ग्राइंडरने घासून वर अंडरकोट मारलेला. कंपनीचा जोड म्हणजे ठरावीक अंतरावर गोल, नाणं दाबल्यासारखे स्पॉट वेल्ड. इथे नवा मेंबर नव्हताच. जुना खेचून, कापून, दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडला होता. पुढच्या धडकेत दुमडून जोर झेलायचं काम याच भागाचं असतं, आणि असा जोड कुठे दुमडेल ते सांगता येत नाही.

एअरबॅगचं त्याहून वाईट होतं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा, आणि तो तसा विझतही होता. स्टिअरिंगचं कव्हर उघडलं तेव्हा आत बॅग नव्हती. पिवळ्या कनेक्टरच्या दोन पिनांवर दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर डाग देऊन बसवला होता, वर इन्सुलेशन टेप. मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे. बिलात दोन नव्या एअरबॅग होत्या आणि विमा कंपनीने त्यांचे पैसेही दिले होते. म्हणून नुसत्या दिव्यावर विसंबू नका. बॅगेच्या पार्ट नंबरचं स्टिकर आणि सिरियल नंबर यांचा फोटो बसवण्याआधी मागा, बिलाशी ताडून बघा.

आता कामाचं. एस्टिमेट आयडीव्हीच्या ६० टक्क्यांच्या वर असेल तर दुरुस्तीला होकार देऊ नका. आधी गाडी खोलून सर्व्हेअरसमोर दाखवा, असं गॅरेज आणि विमा कंपनी दोघांनाही ईमेलने कळवा. फोनवर सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही. लाँग मेंबर, पिलर किंवा फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वाकला असेल तर बॉडीची मापं लेखी मागा. काढलेले जुने पार्ट सर्व्हेअर रीइन्स्पेक्शन करेपर्यंत गॅरेजबाहेर जाऊ देऊ नका. झिरो डेप नसेल तर हिशेब आणखी फिरतो. प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्ट्सवर ३५ टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. घसारा वजा करून ७५ टक्के मोजले तर गाडी रेघेच्या आतच राहते आणि खिशातून जाणारी रक्कम वाढते. त्यामुळे सर्व्हेअरने कुठली रक्कम धरली हे विचाराच, आणि त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या.

टोटल लॉस ठरली तरी एक खड्डा उरतो. सांगाडा घेणारा आरसी, दोन्ही चाव्या आणि मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ व ३० मागतो. चोरीच्या तशाच गाडीवर तुमचा चेसिस नंबर ठोकायला त्याला हेच लागतं. सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात २०१८ मध्ये स्पष्ट केलं की गाडी विकली तरी नोंदणीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. उद्या त्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. दुसऱ्याच्या नावावर करायची असेल तर फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख तुमच्यासमोर भरून घ्या. फास्टॅग काचेवरून काढा आणि बँकेला सांगून बंद करा.

या मालकाची तक्रार आता दोन ठिकाणी आहे. गॅरेजविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. विमा कंपनीविरुद्ध आधी तिच्याच तक्रार विभागात. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क. मालकांजवळ फोटो आहेत, टेपची मापं आहेत, टेप गुंडाळलेला तो रेझिस्टर आहे. ६८,००० ची पावती नाही, आणि सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर त्यांची सही आहे. त्या सहीच्या वर ‘आतील कामाची तपासणी व्हायची आहे’ एवढी एक ओळ त्यांनी लिहिली असती, तर आज गॅरेजचा वकील तोच कागद पुढे करू शकला नसता.