जुन्या जिप्सीत प्रत्येक ठिकाणी वेगळं गियर ऑइल: दिवाळी ते पावसाळ्याचा अनुभव

गाडी १.३ लिटरची जुनी जिप्सी, कमानपाट्यांची, फोर-व्हील-ड्राइव्ह. इथे इंदूरात कुठल्याही गॅरेजात गियर ऑइल विचारा, ठरलेलं उत्तर येतं: "नब्बे नंबर डाल देते हैं, सब में चलता है." आधीच्या मालकाकडे तसंच चालायचं. गियरबॉक्स, ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वळवणारी पेटी), पुढचा-मागचा डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधली, दोन चाकांना ताकद वाटणारी दातांची पेटी), सगळीकडे एकाच बादलीतलं तेल. गेल्या दिवाळीआधी मी चारही रिकामे करून घेतले आणि जागेप्रमाणे तेल भरलं. त्यावर थंडी गेली, मे गेला, आता अर्धा पावसाळाही सरला.

नव्वद हा आकडा फक्त जाडी सांगतो. डब्यावर खरं बघायचं ते जीएल-४ की जीएल-५, म्हणजे दात वाचवणाऱ्या रसायनांची श्रेणी. डिफरन्शियलचे हायपॉइड (अक्ष सरकवून बसवलेले तिरके) दात एकमेकांवर जोरात घासत सरकतात, तिथे गंधक-फॉस्फरसची भरपूर मात्रा लागते. जीएल-५ मध्ये ती जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असते. गियरबॉक्सचं गणित उलटं. तिथली पितळी सिंक्रो रिंग घर्षणावरच गियरचा वेग जुळवते, जीएल-५ वर ती निसटते. शिवाय तापलेल्या तेलातलं गंधक पितळाला बाधतं ते वेगळंच.

म्हणून गियरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक, दोन्ही डिफरन्शियलना ८०डब्ल्यू-९० जीएल-५. ट्रान्स्फरमध्ये हायपॉइड दात नाहीत, तिथे ८०डब्ल्यू-९० जीएल-४ भरलं. सगळं मिळून साडेपाच लिटरच्या वर लागतं, पुढच्या डिफरन्शियलला मागच्यापेक्षा जास्त. आणि एक कळकळीची विनंती: खालचा बोल्ट काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय ना ते बघा. तो गंजून बसलेला निघाला आणि तेल आधीच सांडून दिलेलं असलं, तर गाडी जागची हलत नाही.

सर्वांत मोठा फरक दुसऱ्या गियरला. डिसेंबरात सकाळी तिसऱ्यावरून दुसरा टाकताना खर्रकन आवाज यायचा, तो जवळजवळ गेला. अगदी गारठ्यात पहिला किलोमीटरभर अजून हात हलका ठेवावा लागतो, कारण झिजलेली रिंग तेलाने भरून निघत नाही. यासाठी सिंथेटिकचे जास्तीचे पैसे मी पुन्हा आनंदाने देईन. डिफरन्शियलला मात्र साधं मिनरल पुरतं असं माझं ठाम मत आहे. पाण्यात उतरणाऱ्या गाडीचं तेल तसंही लवकर बदलावं लागतं.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला तेव्हा दोघा-तिघांनी जास्त जाड १४० नंबरचं तेल भरायला सांगितलं. मी नाही भरलं. एवढ्या छोट्या इंजिनाला ते ओढायला जड, आणि थंडीत पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचायला उशीर लावतं. बडवाहकडून भेरूघाट भर मे महिन्यात चढलो, मागच्या डिफची घरघर होती तेवढीच राहिली. (गियर ऑइलचा ९० ऐकून लोक दचकतात, पण त्याची मोजपट्टी निराळी, इंजिन ऑइलच्या ४०-५० एवढीच ती जाडी.)

पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलकडे पाण्यातून गाडी काढली की दुसऱ्या दिवशी भरायचा बोल्ट काढून बोट घालून बघतो. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलायचं. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा ये-जा करायची छोटी वाट) चिखलाने बुजला असेल तर पाणी ऑइल सीलमधून आत ओढलं जातं. माळव्याची काळी माती वाळली की सिमेंट होते, तेव्हा ब्रीदर हाताने काढून फुंकून बघाच. माझ्या गाडीचं तेल अजून स्वच्छ आहे, चुंबकाच्या ड्रेन बोल्टवर फक्त बारीक करडा लेप होता, कणी एकही नाही.

ग्रीसचं थोडक्यात: प्रोपेलर शाफ्टच्या (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला लिथियमचं २ नंबर, पुढच्या नकलमधल्या (चाक वळतं त्या सांध्यातल्या) सीव्ही जॉइंटला मॉलीचं (मॉलिब्डेनमचं) काळं. फ्री-व्हील हबमध्ये (पुढचं चाक अ‍ॅक्सलला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागात) अगदी पातळ थर द्या. ठासून भरलं तर हब अडकतो.

डाव्या नकलमधून मात्र पातळ झालेलं ग्रीस अजून ओघळतं. म्हणजे आतला अ‍ॅक्सल सील गेलाय आणि डिफरन्शियलचं तेल तिथे येऊन मिसळतंय. सील आणून ठेवलाय, पाऊस उघडला की नकल खोलणार.